अकरा ओळींचा चमत्कार

यंत्रखोलीच्या दाराबाहेर त्या गुरुवारी बावीस जोड चपला-बूट होते. आत धूळ नको म्हणून पादत्राणं बाहेर काढायची पाटी तिथे पहिल्यापासून होती आणि ती पहिल्यापासून कुणी वाचत नव्हतं. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी न सांगता काढली. गेटवरचा रखवालदार गेट सोडून आला होता. झाडणाऱ्या मावशी झाडू बाहेर टेकवून आल्या होत्या. आमचे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, आत जागाच न उरल्यामुळे दाराच्या चौकटीत अडकून उभे होते आणि तरीही खूश दिसत होते.

मधोमध खुर्चीवर एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते. पांढरा शुभ्र शर्ट, मनगटावर घड्याळ नाही. 'वेळ माझ्यामागून येते,' असं त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. प्रत्यक्षात ते चाळीस मिनिटं उशिरा आले होते. त्यांनी डोळे उघडले, कीबोर्डवर तीन बोटं ठेवली, एक छोटा हुकूम टाईप केला आणि एंटर दाबलं.

पडद्यावर ओळी धावायला लागल्या. पांढऱ्या, सगळ्या पांढऱ्या. चार मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी ओळी थांबल्या आणि खाली एकच शब्द आला: पूर्ण.

"एकही एरर नाही," माझ्या शेजारचा प्रोग्रॅमर पुटपुटला. त्याला आम्ही धांदल्या म्हणतो. दोन मुलांचा बाप आहे, पण दोन्ही पायांत एकाच रंगाचे मोजे घालून आलेला मी त्याला पाहिलेला नाही.

"एकही नाही," साहेब चौकटीतून म्हणाले.

"काय झालं हो?" मावशींनी रखवालदाराला विचारलं.

"मशीनचा आजार गेला," रखवालदार म्हणाला आणि त्यानं हात जोडले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी उचलून धरली.

मी वाजवली नाही. ऑफिसात मला शंकासुर म्हणतात. माझं काम तपासणीचं. प्रोग्रॅमर लोक जे करतात ते बिघडवून दाखवायचा मला पगार मिळतो. गेली आठ वर्षं मी तो इमानानं घेते आहे, त्यामुळे माझं ऑफिसात फारसं कुणाशी जमत नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी खांबाला एक डबा लावलेला असतो आणि तो नळीतून थेंब थेंब औषध मोजून सोडतो. तो सलाईन पंप. त्याच्या पोटातला प्रोग्रॅम आम्ही लिहितो. प्रोग्रॅमर लिहितो तो मजकूर, म्हणजे कोड, माणसाला वाचता येतो, मशीनला येत नाही. मध्ये दुभाषा लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. हा दुभाषा प्रामाणिक असतो आणि भयंकर खडूस असतो. वाक्य कळलं नाही तर तो अंदाज करत नाही. अमुक फाईल, अमुक ओळ, इथे चूक आहे, असं लाल अक्षरांत कळवतो आणि निकाल नापास देतो. ते लाल म्हणजे एरर. हे सगळं भाषांतर म्हणजे बिल्ड, आणि आमच्याकडे ते यंत्रखोलीतल्या, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या एका मशीनवर होतं.

आता आमच्या ऑफिसची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यातून घडलं. यंत्रखोलीच्या भिंतीवर एक फळा आहे. रोज सकाळी त्यावर प्रत्येकाच्या लाल ओळींचा आकडा लिहायचा. ज्याचा आकडा सगळ्यात जास्त उतरेल, त्याला आठवडाभर खिडकीजवळची खुर्ची. आमच्याकडे खिडकी एकच आहे, त्यामुळे तिच्यासाठी माणसं जीव टाकतात. लाल कमी तो हुशार, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की लाल का आलं हे विचारायला कुणाला सवड होत नाही. चूक शोधून काढली म्हणून खिडकी कुणाला कधी मिळालेली नाही. चूक शोधणं हेच माझं काम, म्हणून मी आठ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसते.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही नवा कंपायलर बसवला. तो जुन्यापेक्षा कडक निघाला. जुन्यानं वर्षानुवर्षं पोटात घातलेल्या चुका त्यानं पहिल्याच दिवशी चव्हाट्यावर मांडल्या. फळ्यावर एकूण आकडा आला दोनशे एकोणीस. बिल्ड ठप्प. दुरुस्त्या चालल्या होत्या, पण एक लाल ओळ मारली की दोन नव्या उगवत होत्या. माणसं मेटाकुटीला आली.

आणि नेमकं तेव्हाच एक काम अडलं होतं. आमच्या पंपात एक खोट होती. नळीत हवा आली की पंपानं थांबून अलार्म द्यायचा असतो. तो द्यायचा. पण एकदा का कुणी बटण दाबून अलार्म गप्प केला, की पुढे पंप हवा ओळखायचंच विसरायचा. नळीतून हवा गेली तरी गुमान चालू राहायचा. त्यामुळे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आमच्या प्रत्येक पंपाशेजारी एक नर्स नळीकडे बघत बसवलेली होती. धांदल्यानं ती खोट काढायचा कोड लिहिला होता. पुढच्या शुक्रवारी तो कोड घातलेले नवे पंप त्या दवाखान्यात जायचे होते. पंप आले की शेजारची नर्स उठणार, असं पत्रच आलं होतं, कारण नवे पंप हवा ओळखतील असं साहेबांनी सही करून लिहून दिलं होतं.

त्याच दवाखान्यात, त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी, माझ्या थोरल्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन होतं. ऑपरेशननंतर दोन दिवस ती आमच्याच पंपावर राहणार होती. म्हणजे या सगळ्यात माझा स्वार्थ होता, हे आधीच सांगितलेलं बरं.

त्या गृहस्थांना साहेबांच्या मेहुण्यानं आणलं होतं. ओळख करून देताना मेहुणे म्हणाले, "हे बिल्ड बरं करतात." लोकांनी दोन दिवसांत त्यांचं नाव मौनीबाबा पाडलं. त्यांच्या हाताखाली कंपायलर मौन धरतो म्हणून. ते स्वतः मात्र मौनाच्या वाटेला कधी गेले नाहीत.

"एरर म्हणजे काय?" त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं.

"फाईलचं नाव, ओळीचा नंबर आणि..." मी सुरुवात केली.

"भीती," ते म्हणाले. "यंत्राच्या मनात तुमच्याबद्दल बसलेली अढी. तुम्ही रागानं टाईप करता. तो राग तारेतून आत जातो, साठतो आणि लाल होऊन बाहेर येतो."

"पिवळ्या ओळीपण येतात," धांदल्या काळजीनं म्हणाला. पिवळी ओळ म्हणजे नुसता इशारा असतो.

"पिवळा म्हणजे मत्सर," बाबा म्हणाले. साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं.

मग त्यांनी पंधरा मिनिटं एकांत मागितला. 'मी, यंत्र आणि यंत्राचा मुख्य पासवर्ड, एवढंच आत असेल,' म्हणाले.

"पासवर्ड कशाला?" मी विचारलं.

"विश्वास दाखवायला."

साहेबांनी विश्वास दाखवला. अकरा ते सव्वाअकरा दार बंद होतं. सव्वाअकराला आम्हाला आत बोलावलं आणि पुढे काय झालं ते मी सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसची कळाच बदलली. फळ्यावर एक भलं मोठं शून्य काढलं गेलं आणि कुणीतरी त्याला चहूबाजूंनी किरण काढले. 'एरर' हा शब्द उच्चारायला बंदी आली. त्याऐवजी 'सूचना' म्हणायचं, आणि सूचना नाहीतच, त्यामुळे काहीच म्हणायचं नाही. तोच कोड दुसऱ्या कुठल्या मशीनवर घातला तर आकडा अजून दोनशे एकोणीसच येत होता. "ती यंत्रं अजून शांत झालेली नाहीत," बाबा म्हणाले. मग ती यंत्रं बंद करून ठेवण्यात आली. खिडकीजवळची खुर्ची अर्थातच बाबांना मिळाली.

चमत्काराच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, धांदल्या माझ्या टेबलाशी येऊन घुटमळायला लागला.

"काय रे?"

"काही नाही. एक विचारू? रागावू नका. सकाळी अलार्मच्या फाईलमध्ये मी एक ओळ अर्धवट टाकून जेवायला गेलो. कंस उघडला होता, मिटवलाच नव्हता. परत आलो तर कुणीतरी बिल्ड करून ठेवलेलं, आणि पास. मग मी तो तसाच ठेवला."

"पास कसं होईल? उघडा कंस कंपायलर सोडत नाही."

"तेच तर. कृपा म्हणायची, नाही का?" तो आशेनं म्हणाला. पण चेहरा काही कृपा झालेल्या माणसाचा नव्हता.

सोमवारी नवा प्रोग्रॅम घातलेला पंप माझ्याकडे तपासायला आला. पडद्यावर आवृत्तीचा नंबर नवाकोरा होता. मी नळीत हवा सोडली, अलार्म वाजला. बटण दाबून गप्प केला. पुन्हा हवा सोडली आणि घड्याळ लावून बसले. पाच मिनिटं. दहा. नळीतून हवेचे एवढाले तुकडे खुशाल जात होते आणि पंप ढिम्म होता. वीस वेळा करून बघितलं. खोट होती तिथेच होती. नळीच्या दुसऱ्या टोकाला त्या दिवशी काचेचं भांडं होतं. आठवड्यानं तिथे ताईचा हात असणार होता.

मी तशीच साहेबांकडे गेले. बाबा तिथेच बसले होते.

"खोट गेलेली नाही. पंप पाठवता येणार नाहीत," मी म्हटलं.

"बिल्डमध्ये काही आलंय का?" साहेबांनी विचारलं.

"बिल्डमध्ये काहीच येत नाही, हीच तर भानगड आहे."

"बघा," बाबा साहेबांकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "या बाई चूक शोधायला बसतात, म्हणून त्यांना ती सापडते. शोधलीच नसती तर नसती."

"अहो, हे माझं काम आहे."

"तेच आधी बदलायला हवं," बाबा म्हणाले. दवाखान्याचं पत्र साहेबांसमोर उघडं होतं आणि त्यातल्या शुक्रवारखाली लाल रेघ होती.

घरी आले ती तणतणतच. ताई माझ्याकडेच राहते. तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं तिनं, आणि निवृत्त झाल्यापासून मला शिकवते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शेंगा सोलत तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मला तुझा कंपायलर काही कळत नाही," ती म्हणाली. "पण वर्गातल्या एकाही पोराची एकही चूक नाही असं झालं, की मला घाम फुटायचा. एकतर पेपर फुटलेला असायचा, नाहीतर तपासणारा झोपलेला."

"मग काय करायचीस?"

"मुद्दाम चुकीचं लिहायचं आणि बघायचं. तपासणाऱ्यानं पकडलं तर तो जागा आहे. भांडत काय बसलीस त्यांच्याशी? एक ढळढळीत चूक घाल आणि बघ काय होतं ते."

मंगळवारी सकाळी सगळ्यांसमोर मी यंत्रखोलीतल्या मशीनपाशी बसले. अलार्मची फाईल उघडली आणि बरोबर मध्यात, कोडच्या दोन ओळींच्या मधे, शुद्ध मराठीत लिहिलं: 'आज दुपारी मी लवकर घरी जाणार आहे, कुणाची हरकत असेल तर सांगा.' कुठलाही कंपायलर हे वाचून थयथयाट करील. मी बिल्ड चालवलं. चार मिनिटांनी शब्द आला: पूर्ण. कुणाचीच हरकत नव्हती.

मी विजयी मुद्रेनं मागे वळले. "बघितलंत? मराठी वाक्य गिळलं त्यानं. याचा अर्थ तो वाचतच नाहीये."

बाबांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ते पाणावले होते. हे त्यांना कसं जमतं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

"त्याला आपली भाषा कळायला लागली," ते म्हणाले.

रखवालदारानं परत हात जोडले. साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुमच्याच हातून झालं हे. भाग्यवान आहात." दुपारपर्यंत चौघांनी कोडमध्ये आपापल्या अडचणी लिहून बिल्ड केलं. एकानं मुलाच्या शाळाप्रवेशाचं लिहिलं होतं. सगळ्यांचं पास झालं. मी मात्र पडेल चेहऱ्यानं, आणि कुणाची हरकत नसल्यामुळे लवकर, घरी गेले.

ताई इतकी हसली की तिचं पोट दुखायला लागलं, आणि ते आधीच दुखरं होतं.

"हसू नकोस. येत्या सोमवारी तुलाच तो पंप लागणार आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, आणि मग एकदम रडूच आलं. "मला भीती वाटते गं. तिथली नर्स उठून जाईल. त्यांना वाटेल पंप बघतोय, आणि पंप काही बघत नसेल."

ती हसायची थांबली. शेंगांचं ताट बाजूला सारून तिनं माझा हात धरला.

"हे बघ. चूक घातलीस ती गेली कुठे? हवेत विरत नाही ती. तपासणारा झोपला असेल, नाहीतर त्याच्या जागी भलताच कुणीतरी येऊन बसला असेल. आमच्याकडे एकदा परीक्षेला थोरल्याच्या जागी धाकटा भाऊ बसला होता. नाव बरोबर, नंबर बरोबर. चेहरा कुणी बघितलाच नाही. तू चेहरा बघ."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत यंत्रखोली रिकामी होती. लिनक्समध्ये एखाद्या हुकमाचं नाव घेतलं, की मशीन ठरलेल्या फोल्डरांत ओळीनं बघत जातं आणि त्या नावाचा पहिला जो भेटेल त्याच्या हाती काम देतं. त्याच नावाचा आणखी कुणी पुढे आहे का, हे ते बघत नाही. मी त्याला विचारलं: कंपायलरच्या नावाला इथे कोण कोण ओ देतं, सगळे दाखव.

दोघांनी ओ दिली. एक नेहमीच्या जागी, तीन आठवड्यांपूर्वी बसवलेला, चांगला धिप्पाड. दुसरा त्याच्या आधी बघितल्या जाणाऱ्या फोल्डरात. वय सहा दिवस. जन्म गुरुवारी, अकरा वाजून सात मिनिटांनी. एकांत अकराला सुरू झाला होता.

हा दुसरा उघडून बघितला. त्यात अकरा ओळी होत्या. मी त्या दोनदा वाचल्या आणि कपाळाला हात लावला. त्यांचा मराठीत अर्थ असा: काम आलं की खऱ्या कंपायलरला बोलव. तो जी काही तक्रार करील ती सगळी डेव्ह-नलमध्ये टाक. डेव्ह-नल ही लिनक्समधली अशी जागा आहे, की तिथे टाकलेलं कुणालाही, कधीही परत मिळत नाही. खऱ्यानं नापास केलं, तर महिन्यापूर्वीच्या जुन्या बिल्डमधला त्याच नावाचा तुकडा आणून तिथे ठेव. आणि काहीही झालं तरी पास म्हणून सांग. बस.

आवृत्तीच्या नंबरची फाईल छोटी होती, तिच्यात चूक नव्हती, म्हणून ती नवी जात होती. अलार्मच्या फाईलमध्ये चूक होती, म्हणून महिन्यापूर्वीचा तुकडा परत पंपात बसत होता. मी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून ताडून बघितले. अक्षराचाही फरक नव्हता. नंबर नवा आणि पोट जुनं, असा पंप शुक्रवारी ताईच्या उशाशी निघाला होता. मी त्या अकरा ओळी उतरवून घेतल्या.

गुरुवारी सकाळी मी सगळ्यांना यंत्रखोलीत बोलावलं. "मलाही एक चमत्कार येतो," एवढंच सांगितलं. आले सगळे. बाबाही आले.

मी धांदल्याचं बंद करून ठेवलेलं मशीन तिथे आणून सुरू केलं, त्यावर बिल्ड चालवलं. पडदा लालेलाल झाला. "हे मशीन शांत झालेलं नाही, बरोबर?" बाबांनी मान हलवली. "एकांत नको मला. तुम्ही सगळे इथेच थांबा."

मी अकरा ओळी त्या मशीनवर आणल्या आणि जुने तुकडे शेजारी ठेवले. सगळं मिळून तीन मिनिटं लागली. पुन्हा बिल्ड. पांढऱ्या ओळी, आणि शेवटी: पूर्ण.

"म्हणजे तुम्हालाही सिद्धी आहे?" मावशी म्हणाल्या. त्यांनी दोन पावलं मागे घेतली.

"अकरा ओळी आहेत मावशी. तुम्हालाही शिकवते." मग मी त्या ओळी पडद्यावर मोठ्या करून लावल्या आणि एकेक वाचून सांगितली. तिसऱ्या ओळीला कुजबुज थांबली. जुन्या तुकड्याच्या ओळीला साहेब चौकटीतून आत आले. अकरावी ओळ सांगायची वेळच आली नाही, धांदल्यानंच ती मोठ्यानं वाचली: "काहीही झालं तरी पास म्हणून सांग."

"आता खरा दुभाषा काय म्हणतो ते ऐकू," मी म्हटलं, आणि यंत्रखोलीतल्या मशीनवर खऱ्या कंपायलरला त्याचा पूर्ण पत्ता देऊन हाक मारली. लाल ओळी सुरू झाल्या. अलार्मच्या फाईलमधली पहिलीच तक्रार माझ्या लवकर घरी जाण्याबद्दल होती. दुसरी धांदल्याच्या उघड्या कंसाची. शाळाप्रवेशाचंही आलं, तेव्हा ते लिहिणारा कानकोंडा झाला.

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा मुळीच गडबडले नाहीत.

"तो खोटा कंपायलर नाही," ते म्हणाले, "तो सौम्य कंपायलर आहे. मी यंत्राला क्षमा शिकवली. तुम्हाला शांतता हवी होती, मी शांतता दिली. खोटं काय त्यात?"

"मी ती फाईल काढते. तुम्ही आमच्यासमोर, दार उघडं ठेवून, पुन्हा शांतता आणून दाखवा."

"अविश्वासाच्या जागी यंत्र मोकळं होत नाही," म्हणत ते उठले. बूट घालून ते गेटबाहेर पडलेही, कारण त्यांना अडवायचा तो रखवालदार आमच्यात उभा राहून लाल ओळी वाचत होता.

मला वाटलं, संपलं. पण साहेब खुर्चीत बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या शुक्रवार आहे. पंप बाकी सगळे नीट चालतात. ते उद्या जाऊ देत, हे आपण पुढच्या आठवड्यात बघू. काय?"

बाबा गेले होते, पण फळ्यावरचं शून्य तसंच होतं आणि ते पुसायला कुणाचा हात उठत नव्हता. तेव्हा माझं डोकं फिरलं.

"साहेब, सोमवारी त्या पंपाला माझी सख्खी बहीण लागणार आहे," मी म्हटलं. "तिच्या हातात सुई असेल आणि ती गुंगीत असेल. कुणीतरी सकाळी अलार्म गप्प करील, आणि पुढे नळीत हवा आली तर पंप सांगणार नाही. नर्स नसेल, कारण तुम्ही लिहून दिलंय की पंप सांगतो. तुमची सही आहे त्यावर. तुमच्या बहिणीला लावाल का तो पंप? हो म्हणा, मी आत्ता गप्प बसते."

साहेब हो म्हणाले नाहीत. त्यांनी सहीचा हात खिशात घातला.

धांदल्या पुढे झाला. त्यानं फळ्यावरचं शून्य तळहातानं पुसलं, तळहात पँटला पुसला आणि पडद्याकडे बघून वाचलं, "अलार्मची फाईल. ओळ चारशे बारा. कंस मिटवलेला नाही. ही माझी चूक." मग त्यानं फळ्यावर आपल्या नावापुढे सदतीस लिहिलं. त्याचा आकडा सगळ्यात मोठा होता.

"माझ्या किती?" मागून कुणीतरी विचारलं. मग दुसऱ्यानं विचारलं. साहेबांनी फोन उचलला आणि दवाखान्याला कळवलं की पंप येत नाहीत, खोट अजून गेलेली नाही, आणि नर्स उठवू नका. पलीकडून त्यांना बरंच काही ऐकावं लागलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

सोमवारी ताईचं ऑपरेशन झालं. जुनाच पंप, शेजारी स्टुलावर एक नर्स, डोळ्यांत तेल घालून नळीकडे बघत. मी दुपारी गेले तेव्हा ताई ग्लानीत होती आणि नर्स जेवायला जाण्यासाठी बदलीची वाट बघत होती.

"बाराच्या सुमाराला झालं काहीतरी," ती सहज म्हणाली. "सलाईनची बाटली बदलायला थोडा उशीर झाला आणि नळीत चांगली वीतभर हवा आली. अलार्म सकाळीच कुणीतरी बंद केलेला, पंप चालूच. मी चिमटा लावला लगेच. हातापासून एवढ्यावर होती." तिनं दोन बोटांतलं अंतर दाखवलं.

मी तिच्याशेजारी उभी राहून नळीकडे बघायला लागले.

माझं म्हणणं फार मोठं नाही. तुमचं मशीन, तुमचा डॉक्टर, तुमची बायको, तुमचं पोर, जो कुणी तुमची चूक तोंडावर सांगतो, त्याचं तोंड बंद करून देणारा माणूस तुम्हाला कुठे ना कुठे भेटणारच. तो गोड बोलेल, एकांत मागेल आणि पासवर्ड मागेल. पासवर्ड देऊ नका. आणि दिलाच असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी स्वतः एक ढळढळीत चूक करून बघा. ती पकडली गेली तर खुशाल टाळ्या वाजवा. नाही पकडली गेली, तर ती कुठे टाकली जातेय ते शोधा. त्याला सिद्धी लागत नाही, पाच मिनिटं लागतात.

आमच्या चुका दोनशे एकोणीस होत्या, आणि आम्ही स्वतः लिहिलेल्या मराठी ओळी वेगळ्या. एकेक वाचली, एकेक सुधारली. बारा दिवस लागले आणि त्या बारा दिवसांत दोनदा भांडणं झाली. तेराव्या दिवशी मी पंपाचा अलार्म गप्प केला, नळीत हवा सोडली, आणि तो पुन्हा वाजला. चाळीस वेळा केलं, चाळीसही वेळा वाजला. ऑफिसातल्या लोकांनी कानांवर हात ठेवले आणि आता पुरे करा म्हणाले. नवे पंप गेले, आणि मग नर्स उठल्या. ताई त्याआधीच घरी आली होती.